नोंदवही आणि नामलो : हिमालयन क्लबची वाटचाल

हिमालयन क्लबचं मुख्यालय मुंबईत आहे, हे सांगितलं की ऐकणारा बहुधा थबकतो. दार्जिलिंग, डेहराडून, मनाली, श्रीनगर अशी नावं मनात येतात. मुंबई येत नाही. या शहरातून हिमालयाचा पायथा गाठायचा तर रेल्वेत दीड-दोन दिवस जातात. तरीही हिमालयातल्या खिंडी, हिमनद्या, दऱ्या आणि शिखरं यांची नोंद पिढ्यान्‌पिढ्या ठेवत आलेल्या या संस्थेचा कारभार गेली पन्नासएक वर्षं समुद्रकाठच्या याच शहरातून चालतो आहे. २०२८ मध्ये क्लबला शंभर वर्षं पूर्ण होतील. शंभर वर्षांचा हिशेब मांडताना शिखरांची यादी करण्याचा मोह होतो. मला मात्र या संस्थेची खरी कमाई तिच्या कागदांत दिसते. कोण कुठून गेलं, कुठे अडलं, कुणी ओझं वाहिलं आणि कोण परत आलं नाही, हे तिने लिहून ठेवलं.

हिमालयासाठी एखादी संस्था हवी, ही कल्पना १८६६ पासून अधूनमधून कुणी ना कुणी मांडत होतं. ती प्रत्यक्षात यायला साठ वर्षं लागली. १९२७ च्या शरदात सिमल्याच्या जाखू टेकडीमागच्या पायवाटेवर दोन माणसं बोलत चालली होती. एक होते सर जेफ्री कॉर्बेट, भारत सरकारच्या व्यापार खात्याचे सचिव. (नरभक्षक वाघांच्या कथांमुळे आपल्या परिचयाचे झालेले जिम कॉर्बेट ते हे नव्हेत.) दुसरे मेजर केनेथ मेसन, सर्व्हे ऑफ इंडियाचे अधिकारी. काराकोरमपलीकडच्या शक्सगाम खोऱ्याची पाहणी त्यांनी आदल्याच वर्षी केली होती. क्लब काढायचा हे त्या वाटेवरच ठरलं. पत्रं गेली, होकार आले आणि १७ फेब्रुवारी १९२८ रोजी दिल्लीत हिमालयन क्लबची रीतसर स्थापना झाली. सरसेनापती फील्ड मार्शल सर विल्यम बर्डवुड पहिले अध्यक्ष झाले. संस्थापक सभासद होते १२७. त्याच सुमारास कलकत्त्यात माउंटन क्लब ऑफ इंडिया नावाची दुसरी संस्था निघाली होती. एकाच डोंगररांगेसाठी दोन चुली कशाला, असा सुज्ञ विचार करून १९२८ संपायच्या आत ती या क्लबमध्ये विलीन झाली.

सुरुवातीचा क्लब ज्या काळात जन्मला त्या काळाचाच होता. लष्करी अधिकारी, सर्वेक्षक, जंगल खात्यातले साहेब, सनदी नोकर आणि शिकारी यांचं त्यात वर्चस्व होतं. ज्यांच्या पाठीवरून या सगळ्यांचं सामान डोंगर चढायचं, त्यांतलं कुणीही सभासदांच्या यादीत नव्हतं. हे झाकण्यात अर्थ नाही. पण उद्दिष्ट लिहिताना संस्थापकांनी दृष्टी मोठी ठेवली होती. हिमालयातल्या प्रवासाला आणि शोधाला मदत करणं, आणि विज्ञान, कला, साहित्य व क्रीडा या चारही वाटांनी या पर्वताविषयीचं ज्ञान वाढवणं, असं त्यांनी ठरवलं. साहित्य हा शब्द पहिल्याच दिवशी घटनेत आला, याचं मला फार मोल वाटतं. पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, 'हिमालयन जर्नल'चा पहिला अंक मेसन यांच्या संपादनाखाली निघाला आणि १९४० पर्यंतचे सगळे अंक त्यांनीच काढले. मेसन मुळात मोजणी करणारे. कुठल्या हिमनदीचं मुख कुठवर आहे, नकाशावरची कुठली रेघ चुकीची आहे, कुठल्या खिंडीवरून खेचरं जातात आणि कुठल्या खिंडीवरून फक्त माणसं, हे जर्नलमध्ये नेमकं असलंच पाहिजे असा त्यांचा आग्रह असे. पुढे ते ऑक्सफर्डला भूगोलाचे प्राध्यापक झाले, तरी तिथूनही हे काम त्यांनी सोडलं नाही.

जर्नल हा क्लबचा एक हात. दुसरा हात होता गावोगावचे मानद स्थानिक सचिव. हिमालयाच्या वाटेवरच्या गावांत क्लबचा एखादा सभासद हे काम अंगावर घेई. परदेशातून येणाऱ्या तुकडीला परवाने, तंबू, शिधा, खेचरं, वाटांची माहिती आणि विश्वासू माणसं मिळवून देणं, हे सगळं तो विनामोबदला करी. १९२९ मध्ये पॉल बाउअर यांची जर्मन तुकडी कांचनजंगावर आली, तेव्हा तिच्या वाहतुकीची व्यवस्था बघायला क्लबचे कर्नल टोबिन आणि बंगालच्या जंगल खात्यातले शेबिअर हे दोघे बरोबर गेले होते. शेबिअर यांना १९२४ च्या एव्हरेस्ट मोहिमेचा अनुभव होता. डोंगरात माणसं कशी सांभाळायची हे ते जाणत होते.

या साऱ्या कामात दार्जिलिंगचं काम सर्वांत मोठं ठरलं. नेपाळ तेव्हा परक्यांना बंद होता. त्यामुळे सोलुखुंबूचे शेर्पा रोजगारासाठी दार्जिलिंगला येऊन राहत आणि मोहिमा तिथेच माणसं निवडत. निवड कशी करायची हा प्रश्न होता. शेर्पांमध्ये मूल ज्या वारी जन्मतं त्या वाराचं नाव त्याला ठेवण्याची रीत आहे. सोमवारचा दावा, मंगळवारचा मिंग्मा, शुक्रवारचा पासांग, रविवारचा निमा. एकाच वस्तीत डझनभर पासांग निघत. मागच्या मोहिमेत बर्फाच्या भिंतीवर ओझं चढवणारा पासांग कोणता आणि तळाच्या छावणीवरून परत फिरलेला कोणता, हे साहेबाला कळणार कसं? क्लबने दार्जिलिंगमध्ये नोंदवही सुरू केली. प्रत्येकाला क्रमांक दिला आणि एक छोटं पुस्तक दिलं. त्यात त्याचा फोटो असे आणि प्रत्येक मोहिमेनंतर प्रमुखाने त्याच्याविषयी शेरा लिहायचा असे. १९३० च्या दशकात जोन टाउनेंड या बाईंनी हे काम फार निगुतीने सांभाळलं.

आज या पुस्तकांकडे पाहताना दोन भावना एकदम येतात. ही मालकांनी नोकरांची ठेवलेली वही होती, हे खरं. एखादा वाईट शेरा माणसाची पुढची रोजी हिरावू शकत होता. तरीही याच वहीमुळे शेकडो माणसं निनावी राहण्यापासून वाचली. त्याआधीच्या प्रवासवर्णनांत 'कुली' या एका शब्दात शंभर माणसं संपत. वहीत ती एकेकटी उभी राहिली. नाव, गाव, चेहरा, कुठल्या पर्वतावर कुठवर गेला, सगळ्यासकट. क्लबने पुढे जर्नलमध्ये शेर्पांच्या याद्या त्यांच्या क्रमांकांसह आणि मोहिमांसह छापल्या. इतिहासकारांना या याद्या आजही उपयोगी पडतात.

वहीत नोंद असलेल्यांनी त्या दशकात काय सोसलं, तेही लक्षात ठेवायला हवं. १९३४ मध्ये नंगा पर्बतवर वादळात सापडून विली मेर्कल यांच्यासह तीन जर्मन गिर्यारोहक आणि सहा शेर्पा मेले. गायले हा शेर्पा खाली उतरू शकला असता. तो मेर्कलजवळ थांबला आणि तिथेच गेला. १९३७ मध्ये त्याच पर्वतावर रात्री झोपलेल्या छावणीवर हिमकडा कोसळला आणि सोळा जण गाडले गेले. त्यांत नऊ शेर्पा होते. १९३९ मध्ये केटूवर अडकलेल्या डडली वुल्फ या अमेरिकनाला आणायला पासांग किकुली दोन साथीदारांसह वर गेला. चौघांपैकी कुणीच परतलं नाही. कुणाचंही बळ किंवा धैर्य तोलायला याहून मोठं माप मला ठाऊक नाही.

याच सुमारास क्लबने 'टायगर' हा बिल्ला सुरू केला. एव्हरेस्टवर १९२४ मध्ये सगळ्यांत वरच्या छावण्यांपर्यंत ओझं नेणाऱ्या शेर्पांना 'टायगर' म्हटलं गेलं होतं. तेच नाव आता रीतसर किताब झालं. ज्याच्या पुस्तकात टायगर हा शेरा असे, त्याला हिमरेषेच्या वर काम करताना जास्त रोज मिळे. १९३८ च्या एव्हरेस्ट मोहिमेनंतर हा मान मिळालेल्यांत तेनझिंग होते. तीन वर्षांपूर्वी, १९३५ मध्ये, ब्रिटिश गिर्यारोहक एरिक शिप्टन यांनी त्यांना पहिल्यांदा घेतलं, तेव्हा त्यांच्याजवळ दाखवायला आधीच्या मोहिमेचं एकही प्रमाणपत्र नव्हतं. १९५३ मध्ये आजारपणातून नुकत्याच उठलेल्या तेनझिंग यांनी पुन्हा एव्हरेस्टला जावं, म्हणून क्लबच्या दार्जिलिंगच्या सचिव जिल हेंडरसन यांनी त्यांचं मन वळवलं. त्या वर्षीच्या २९ मेची गोष्ट जगाला माहीत आहे. तिच्यामागे दार्जिलिंगच्या एका साध्या कचेरीतली ही वर्षानुवर्षांची नोंद होती, हे फार थोड्यांना माहीत आहे.

मोठ्या मोहिमांच्या या गदारोळात क्लबच्या पानांतून एक वेगळी परंपराही घडत होती, आणि माझ्या मते तीच आपल्याला अधिक जवळची आहे. १९३४ मध्ये शिप्टन आणि टिलमन हे दोघे आंगथारके, पासांग आणि कुसांग या तीन शेर्पांना घेऊन ऋषिगंगेच्या घळीत शिरले. नंदादेवीभोवतीच्या शिखरांच्या कड्यातून आत जायची वाट तोवर कुणालाही सापडली नव्हती. पाच माणसं, पाठीवर मावेल तेवढाच शिधा, आणि साहेब-नोकर हा भेद ज्यात टिकूच शकत नाही असा एकत्र चालण्याचा आणि एका भांड्यात जेवण्याचा प्रवास. ते त्या कड्याच्या आत, नंदादेवी अभयारण्यात पोचले. थोडक्या माणसांनी, थोडक्या पैशात, नकाशावरची कोरी जागा बघायला जायचं, ही रीत तिथून रुजली. पुढे मुंबईच्या मंडळींनी जी रीत उचलली ती हीच.

१९४७ मध्ये क्लबपुढे जगण्या-मरण्याचा प्रश्न उभा राहिला. बहुतेक सभासद जहाजाने मायदेशी निघाले होते. काराकोरमच्या दक्षिण बाजूचा मोठा भाग आणि नंगा पर्बत वेगळ्या देशात गेले होते. कलकत्त्यातल्या मूठभर सभासदांनी संस्था तगवली, आणि इंग्लंडमध्ये निवृत्त जीवन जगणाऱ्या टोबिन यांनी १९५७ पर्यंत जर्नलचं संपादन सांभाळलं. त्यानंतर कलकत्त्याच्या ट्रेव्हर ब्रॅहॅम यांनी ते काम घेतलं. दरम्यान भारतीयांचं गिर्यारोहण वेगाने वाढत होतं. डून स्कूलमधल्या गिब्सन, मार्टिन, होल्ड्सवर्थ या मास्तरांनी विद्यार्थ्यांना डोंगरांची वाट दाखवली. त्याच शाळेतले शिक्षक गुरदयाल सिंग १९५१ मध्ये त्रिशूलवर पोचले. १९५४ मध्ये दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि शेर्पा आता प्रशिक्षक झाले. परवाने आणि राष्ट्रीय मोहिमा यांचं काम इंडियन माउंटेनिअरिंग फाउंडेशनकडे गेलं. १९६२ च्या युद्धानंतर सीमेलगतच्या दऱ्या बंद झाल्या. लडाख १९७४ मध्ये पुन्हा खुलं होईपर्यंत नकाशाचा मोठा भाग सामान्य भटक्याला केवळ वाचण्यापुरता उरला होता.

अशा काळात क्लब मुंबईला आला. साठच्या दशकाच्या अखेरीस सोली मेहता यांनी जर्नल हाती घेतलं, आणि पाठोपाठ कारभारही इकडे सरकला. कलकत्त्यातली जुनी फळी विरळ झाली होती आणि मुंबईत काम करायला माणसं तयार होती, इतकं साधं कारण. पण मुंबईत माणसं तयार होती ती का, याचं उत्तर सह्याद्रीत आहे. शनिवारी संध्याकाळी कचेरी सुटली की लोकलने कल्याण-कर्जत गाठायचं, रात्री गावाबाहेरच्या देवळात पथारी टाकायची, रविवारी एखादा किल्ला किंवा घाटवाट करून रात्रीच्या गाडीने घरी परतायचं. मुंब्र्याच्या कातळावर दोरखंड लावून सराव करणारी मंडळी पन्नासच्या दशकापासून होती. काळ्या बसाल्टवर पाय ठेवायला शिकलेली ही माणसं वर्षाची रजा साठवून मे-जूनमध्ये हिमालयात जात. प्रायोजक नाही, सरकारी मदत नाही. रजा संपायच्या आत परत यायचं, म्हणून तुकडी छोटी आणि बेत नेमका. शिप्टन-टिलमन यांची रीत इथे गरजेपोटी आली आणि पुढे अंगात मुरली.

क्लबचे सचिव आणि नंतर अध्यक्ष झालेले जगदीश नानावटी यांचं नाव इथे आदराने घ्यायला हवं. त्यांचा ध्यास एकच होता : नोंद खरी हवी. शिखरावर पोचल्याचा दावा आला की ते फोटो, नकाशे, वेळा आणि उंच्या घेऊन बसत. शिखरावरून दिसायला हवा तो डोंगर फोटोत दिसतो का? क्षितिजावरच्या सुळक्यांमधलं अंतर नकाशातल्या कोनाशी जुळतं का? सांगितलेल्या वेळात तेवढी चढाई होऊ शकते का? काही गाजलेल्या दाव्यांमागचं सत्य त्यांनी असं कागदावर मांडलं. त्यासाठी रोषही पत्करला. मला वाटतं, जर्नलच्या शब्दाला जगभर जे वजन आलं, त्यात या चिकाटीचा वाटा फार मोठा आहे. डोंगरात साक्षीदार नसतो. तिथून आलेल्या माणसाच्या शब्दावर पुढचा माणूस आपला जीव टाकतो. खिंड ओलांडता येते असं कुणी खोटं लिहिलं, तर ती वाचून जाणारा तिथे अडकू शकतो.

१९८० पासून हरीश कपाडिया यांनी जर्नलचं संपादन घेतलं आणि तीन दशकांहून अधिक काळ ते केलं. मुंबईचे कापड व्यापारी, सह्याद्रीत वाढलेले भटके, आणि हिमालयात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाललेला माणूस. १९७४ मध्ये नंदादेवी परिसरात ते हिमभेगेत पडून जबर जखमी झाले. तेरा दिवस त्यांना उचलून खाली आणावं लागलं, मग हेलिकॉप्टर आलं. बरे होऊन ते पुन्हा डोंगरात गेले. १९८५ मध्ये सियाचीनच्या मुखाजवळून तेरोंग खोऱ्यात शिरलेल्या भारतीय-ब्रिटिश मोहिमेचे ते नेते होते. तिथे रिमो तीन या शिखरावर पहिल्यांदाच माणूस पोचला. १९९२ मध्ये क्रिस बॉनिंग्टन यांच्याबरोबर त्यांनी पंचचुली मोहिमेचं संयुक्त नेतृत्व केलं. पंचचुली पाच या शिखरावरून उतरताना स्टीफन व्हेनेबल्स दोराचा आधार निसटून कोसळले आणि त्यांचे पाय जायबंदी झाले. वायुसेनेच्या हेलिकॉप्टरने त्या उभ्या उतारावरून त्यांना उचललं. २००३ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने कपाडिया यांना सुवर्णपदक दिलं.

पण क्लबच्या इतिहासात कपाडिया यांचं स्थान मोहिमांपेक्षा त्यांनी उघडलेल्या दरवाजांमुळे मोठं आहे. कुठल्या दरीत कुठलं शिखर अजून अस्पर्श आहे, परवाना कुठे मिळेल, शेवटचं गाव कुठलं, तिथे कुणाला भेटायचं, हे ते लिहीत गेले आणि विचारणाऱ्याला सांगत गेले. सोली मेहता यांच्यासोबतचं 'एक्स्प्लोअरिंग द हिडन हिमालय' हे त्यांचं पुस्तक, किंवा सह्याद्रीवरचं 'ट्रेक द सह्याद्रीज', महाराष्ट्रातल्या कित्येक भटक्यांच्या पाठपिशवीत असे. इंटरनेट येण्याआधीच्या त्या काळात पुण्या-मुंबईच्या मुलांना किन्नौर, स्पिती, कुमाऊँ इथल्या अनोळखी खिंडींवर जाता आलं, ते या लिखाणामुळे. सियाचीन हे शांतता उद्यान व्हावं, म्हणूनही ते सातत्याने लिहीत आणि बोलत राहिले आहेत.

क्लबचं ग्रंथालय दिल्लीत इंडिया इंटरनॅशनल सेंटरमध्ये आहे. जर्नलचे जुने अंक आता संगणकावर कुणालाही वाचता येतात. हिमालयाच्या देखण्या छायाचित्रांसाठी ओळखले जाणारे केकू नवरोजी यांच्या नावाने क्लब दरवर्षी हिमालयविषयक पुस्तकाला पुरस्कार देतो. व्याख्यानं, प्रस्तरारोहणाचे वर्ग, पदभ्रमण हे सगळं चालू आहे. त्याची यादी मी इथे देत नाही.

अलीकडच्या कामातलं एक मात्र सविस्तर सांगितलं पाहिजे. जर्नलच्या नंतरच्या संपादक नंदिनी पुरंदरे आणि चित्रकार-लेखिका दीपा बलसावर या मुंबईच्या दोघींनी क्लबच्या शेर्पा प्रकल्पासाठी वर्षानुवर्षं दार्जिलिंगला जाऊन जुन्या शेर्पांच्या, त्यांच्या बायकांच्या, मुलांच्या आठवणी नोंदवून घेतल्या. तूंग सूंग बस्तीतल्या घरांत बसून, चहा पीत, जुने फोटो बघत हे काम झालं. त्यातून २०२४ मध्ये 'हेडस्ट्रॅप' हे पुस्तक आलं. कपाळावरून पाठीवरच्या ओझ्यापर्यंत जाणारा तो पट्टा, ज्याला नेपाळीत नामलो म्हणतात, त्याचंच नाव पुस्तकाला आहे. नोंदवहीत साहेबाने शेरा लिहायचा आणि शेर्पाने तो पुढच्या साहेबाला दाखवायचा, असं पूर्वी होतं. इथे शेर्पा आणि त्याचं कुटुंब बोलतं आणि क्लब ऐकून लिहितो. नव्वद वर्षांत संस्था कुठून कुठे आली, हे मला या एका पुस्तकात सगळ्यांत स्पष्ट दिसतं. मोहिमांतल्या सहायकांसाठी क्लबने ठेवलेलं गरुड सुवर्णपदकही याच वाटेवरचं आहे.

ही वाट अजून अर्धीच झाली आहे. शेर्पांची गोष्ट निदान लिहिली गेली. मुंबईच्या तुकड्यांबरोबर वर्षानुवर्षं चाललेली कुमाऊँमधल्या हरकोट गावची माणसं, गढवालच्या भागीरथी खोऱ्यातले वाटाडे, लाहौल-स्पितीचे आणि लडाखचे घोडेवाले, अरुणाचलच्या जंगलात चाकूने वाट कापत पुढे जाणारे तरुण, यांची नावं अहवालांच्या शेवटच्या परिच्छेदात आभारापुरती येतात. त्यांतले पुष्कळ जण आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांची मुलं हल्द्वानी, डेहराडून, दिल्लीला नोकरीला गेली आहेत. कुठल्या हिमनदीवरून त्यांच्या आजोबांच्या काळी मेंढरं जात आणि आज का जात नाहीत, हे त्यांना सांगता येतं, आणि विचारलं तर ते सांगतात. शताब्दीच्या निमित्ताने क्लबच्या मराठी सभासदांनी, आणि पुण्या-मुंबई-नाशिकच्या सगळ्या गिरिभ्रमण मंडळांनी, पुढच्या मोहिमेला निघताना एक ध्वनिमुद्रक आणि दोन दिवसांची जास्त रजा घेऊन जावं. शेवटच्या गावात थांबावं आणि वाटाड्याची गोष्ट त्याच्या भाषेत नोंदवून आणावी. 'हिमालयन जर्नल'ने त्यासाठी दरवर्षी काही पानं राखून ठेवावीत.